जाहिरात पुसली तरी परत का येते?

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात काय किंवा दुसऱ्या कुठल्या निमशहरी गावात काय, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज ही कामे बरेच जण सेवा केंद्रातल्या किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावरच उरकतात. अशा संगणकाच्या कोपऱ्यात मध्येच ‘व्हायरस सापडला’ अशी पाटी उगवली, तर ती सवयीने बंद करून पुढचा अर्ज उघडला जातो. अ‍ॅडवेअर टिकते ते या सवयीवर. त्याच संगणकात गावातल्या लोकांची आधार कार्डे आणि बँक पासबुके स्कॅन करून पडलेली असतात.

हे नुसते त्रासदायक नाही, हे २०१७ मध्येच दिसले होते. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’ हे अ‍ॅडवेअर उघडकीस आणले. तिच्या अंदाजाने जगभरातले २५ कोटी संगणक बाधित होते आणि त्यांत सर्वाधिक, सुमारे अडीच कोटी, भारतातले. मायक्रोसॉफ्टला हा आकडा फुगलेला वाटला. पण ते फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत शिरत होते आणि मनात आणले तर दुसरे काहीही संगणकात उतरवू शकत होते.

पाटी दिसली म्हणजे अ‍ॅडवेअर शिरलेच, असेही नाही. कुणीतरी एखाद्या संकेतस्थळाला सूचना पाठवायची परवानगी दिलेली असते, इतकेच. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढली की पाट्या थांबतात.

खरे चिवट अ‍ॅडवेअर मात्र एका जागी बसत नाही. ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन, विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये ठरावीक वेळी जागे होणारे काम आणि शिवाय मूळ प्रोग्राम. एक उपटले की दुसरे ते पुन्हा लावते. घरच्या संगणकाचा ब्राउझर ‘संस्थेद्वारे व्यवस्थापित’ असल्याचे सांगू लागला, तर बाहेरच्या कुणीतरी त्यावर धोरण लादले असण्याची शक्यता मोठी. क्वचित अँटीव्हायरसमुळेही असे दिसते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी ब्राउझरचे सिंक बंद करावे, नाहीतर काढलेले एक्स्टेंशन खात्यातून परत उतरते. बहुतेकांची गाडी इथेच अडते. मग प्रोग्रामची यादी तारखेनुसार लावून अनोळखी ते काढावे, शेड्यूलर तपासावा, डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन चालवावे आणि शेवटी ब्राउझर रीसेट करावा. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही मोफत साधने मिळतात. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून.

विंडोज १० असलेल्या जुन्या संगणकांचा प्रश्न वेगळा. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर, मुदतवाढीची नोंदणी केलेली नसेल तर, त्यांना सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत. तिथे अ‍ॅडवेअर निघाले, तरी ते ज्या वाटेने आले असेल ती उघडीच राहू शकते.