पनवेलची डॉक्टर पडद्यावर गेली त्याची गोष्ट

मैत्रिणींनो, दिवाळीच्या आधीची गोष्ट. दहिवलीतल्या एक ओळखीच्या वहिनी संध्याकाळी घरी आल्या. चहा झाला, भाताच्या कापणीची चौकशी झाली, तरी त्यांचा पाय निघेना. शेवटी म्हणाल्या, "ताई, आमच्या पोरीला जरा समजावा. नाहीतर मलाच समजावा!"

पोरगी बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. उंच, देखणी, बोलायला चटपटीत. कॉलेजच्या गॅदरिंगला फॅशन शोमध्ये पहिली आली. कुणीतरी फोटो टाकले आणि आठ दिवसांत मोबाईलवर निरोप आला की, नव्या मालिकेसाठी चेहरे हवेत, तुमची निवड होऊ शकते. फक्त फोटोंच्या पोर्टफोलिओचे आणि नावनोंदणीचे मिळून तीस हजार आधी भरायचे. मुलगी म्हणते, कॉलेज काय, नंतरही होईल. ही संधी परत येणार नाही.

मी म्हटलं, "मग तुम्हाला काय वाटतं?"

वहिनी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "खरं सांगू? मलाही मनातून वाटतं, जाऊ द्यावं. ती अदिती गोवित्रीकर आपल्या पनवेलचीच ना? आम्ही कॉलेजात होतो तेव्हा तिचं गाणं टीव्हीवर लागायचं. ती गेली, मग आमची का नको?"

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे अशा वेळी दोनच उत्तरं तयार असतात. एक, "ती लाईन चांगली नाही." दुसरं, "नशीब काढलं पोरीनं!" दोन्ही उत्तरांत विचार कमीच. म्हणून ठरवलं, वहिनींनी जिचं नाव घेतलं तिचीच वाटचाल जरा नीट बघूया.

अदिती गोवित्रीकर पनवेलची. म्हणजे आपल्या खालापूरच्या अगदी शेजारची. १९९६ साली ती ग्लॅडरॅग्ज मेगामॉडेल स्पर्धा जिंकली आणि १९९७ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून एम.बी.बी.एस. झाली. ही दोन वर्षं शेजारी शेजारी ठेवून बघा. मुकुट आधी डोक्यावर आला, पदवी नंतर हातात आली. मुकुट मिळाला म्हणून तिनं कॉलेज सोडलं नाही. वैद्यकीय अभ्यासक्रमाची शेवटची वर्षं किती जीव काढतात, हे ज्यांच्या घरात डॉक्टर आहे त्यांनाच विचारा.

मग रॅम्प आला, जाहिराती आल्या. अदनान सामीच्या 'कभी तो नजर मिलाओ' या गाण्याच्या व्हिडिओत ती दिसली, तीच वहिनींच्या लक्षात राहिलेली. १९९९ मध्ये 'तम्मुडु' या तेलुगू सिनेमात काम केलं. २००१ साली ती 'मिसेस वर्ल्ड' झाली. विवाहित स्त्रियांसाठीची ही स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय. तेव्हा ती एका लहान मुलीची आई होती. त्यानंतर हा मुकुट पुन्हा भारतात यायला एकवीस वर्षं लागली. डिसेंबर २०२२ मध्ये जम्मूच्या सरगम कौशलनं तो आणला.

टीव्हीवर मात्र अदितीची वाट सरळ नव्हती. 'ये मेरी लाइफ है'सारख्या हिंदी मालिकेत काम, २००८ मध्ये 'खतरों के खिलाडी'च्या पहिल्या पर्वात सहभाग, २००९ मध्ये 'बिग बॉस'चं तिसरं पर्व, २०१५ मध्ये 'बडी देवरानी' ही मालिका. मधून मधून सिनेमे. 'पहेली' (२००५), 'दे दना दन' (२००९), आणि मराठीत विक्रम फडणीसांचा 'स्माईल प्लीज' (२०१९). याच्या जोडीला तिनं मानसशास्त्राचाही अभ्यास केला.

आता मला सांगा, यातली तिची एक भूमिका, जिच्या नावानं आपण तिला हाक मारू, अशी कुठली? नाही ना सांगता येत? स्मृती इराणीचं तसं नव्हतं. तीही १९९८ च्या मिस इंडिया स्पर्धेतून आलेली, पण २००० साली 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली आणि ती घराघरांत तुलसी झाली. इतकी, की २०२५ च्या जुलैमध्ये तीच मालिका नव्यानं आली तेव्हाही तुलसी तीच. पण अशी तुलसी हजारांत एखादीला मिळते. बाकीच्या मुलींचा मार्ग अदितीसारखा असतो. थोडं इकडे, थोडं तिकडे, मध्ये रिकामे महिने. फरक एवढाच, की अदिती त्या रिकाम्या महिन्यांतही उभी राहिली आणि पंचवीस वर्षांनंतरही तिचं नाव आहे. बऱ्याच जणींना ते जमत नाही. का जमत नाही, ते बघायला हवं.

पहिलं कारण पैशाचं. मालिकेत पैसा खूप, असं आपण धरून चालतो. मुख्य भूमिकेला तो असतोही. पण नव्या मुलीला रोजावर काम मिळतं. महिन्यातले किती दिवस बोलावतील याची खात्री नाही. आणि ठरलेले पैसे काम झाल्यावर हातात पडत नाहीत. या धंद्यात साधारण नव्वद दिवसांनी पैसे द्यायची पद्धत आहे. म्हणजे गणपतीत केलेल्या कामाचे पैसे नाताळच्या आसपास!

आता आपल्या कर्जतच्या मुलीचा हिशोब मांडा. शूटिंगची पाळी बारा तासांची. कर्जतहून दादरला लोकलनं पावणेदोन-दोन तास, तिथून गोरेगाव किंवा मीरा रोड. खोपोलीच्या मुलीला तर गाड्याही मोजक्याच. बारा तास उभं राहून रोज एवढा प्रवास जमणार नाही, म्हणजे मुंबईत भाड्याची खोली आली. तिचं डिपॉझिट, जेवणखाण, रिक्षा, कपडे, पार्लर. पहिला चेक येईपर्यंत तीन महिने हे सगळं आईबापानं भरायचं. आणि मधेच टीआरपी घसरला की मालिका गुंडाळतात, नाहीतर त्या पात्राला गावाला पाठवून देतात. प्रेक्षक म्हणून आपण हसतो, की काय बाई, ही परत आलीच नाही! पण त्या मुलीची नोकरी गेलेली असते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या क्षेत्रात टिकायचं तर 'नाही' म्हणता यायला हवं. न पटणाऱ्या कपड्यांना नाही, अपमानाच्या पैशांना नाही, रात्री अकराला 'मीटिंग'ला बोलावणाऱ्याला नाही. आणि 'नाही' म्हणायला नुसता स्वभाव पुरत नाही, मागे काहीतरी लागतं. खोलीचं भाडं थकलेलं असेल, पदवी अर्धी सोडलेली असेल, घरी परत जायला तोंड नसेल, तर मुलगी 'नाही' कुठल्या बळावर म्हणणार? अदितीकडे डॉक्टरकीची पदवी होती. तिनं आयुष्यभर दवाखाना चालवला नसेल, पण दार उघडं होतं. मला तरी त्या पदवीचा खरा उपयोग हाच दिसतो.

हे काही मी उगाच भीती घालायला लिहीत नाही. केरळमध्ये २०१७ साली एका नटीवर झालेल्या अत्याचारानंतर न्यायमूर्ती हेमा समिती नेमली गेली. तिचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये लोकांसमोर आला. कामाच्या बदल्यात होणाऱ्या मागण्यांपासून ते सेटवर साधं स्वच्छतागृह नसण्यापर्यंत सगळं त्यात आहे. स्वच्छतागृह नाही म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, हे वाचून मला आपल्या बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या आठवल्या. झगमगाट असो की भाजीची पाटी, बाईचे हाल काही फार वेगळे नाहीत.

अर्थात, घरात कोंडून ठेवणं हे काही त्यावरचं उत्तर नाही. आपल्या भागाला तर कॅमेरा नवा नाही. फार्महाऊसांवर शूटिंग चालतं ते आपण येता जाता बघतोच. नितीन देसाईंचा एन. डी. स्टुडिओ २००५ साली उभा राहिला. सगळे त्याला कर्जतचा म्हणतात, पण तो खालापूर तालुक्यात, चौकजवळ. 'जोधा अकबर' तिथं झाला, 'राजा शिवछत्रपती' ही मालिका तिथं झाली, २०११ चं 'बिग बॉस'चं घरही तिथंच होतं. आणि २ ऑगस्ट २०२३ ला देसाईंनी त्याच स्टुडिओत आयुष्य संपवलं. अडीचशे कोटींच्या वर कर्ज थकलं होतं. ती बातमी ऐकून आपल्याकडे कितीतरी घरांत चूल थंड झाल्यासारखं वाटलं. इतके महाल, इतके किल्ले उभारणाऱ्या माणसालाही या धंद्यानं भरवसा दिला नाही, तर वीस वर्षांच्या पोरीला तो कुठून देणार?

तरी मुलीला पडद्याचीच ओढ असेल, तर आणखी एक दार आहे आणि त्याकडे आपण बघतच नाही. कॅमेऱ्याच्या पुढे एक चेहरा असतो, पण मागे पन्नास माणसं राबत असतात. कपडेपट, केशभूषा, मेकअप, संकलन, लेखन. यातलं मेकअपचं काम तर बायकांचंच, असं वाटतं ना? पण मुंबईच्या सिनेसृष्टीत वर्षानुवर्षं संघटना बायकांना मेकअप आर्टिस्टचं कार्डच देत नव्हती! बाईनं केस करावेत, चेहरा पुरुषानंच रंगवावा, असा नियम. चारू खुराना नावाची मेकअप आर्टिस्ट त्याविरुद्ध कोर्टात गेली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा भेदभाव बेकायदा ठरवला. हा निकाल आपल्या गावातल्या ब्यूटी पार्लरचा कोर्स केलेल्या प्रत्येक मुलीसाठी आहे, पण तिच्यापर्यंत तो पोचतच नाही. या कामात वय वाढलं म्हणून कुणी काढत नाही. उलट हात बसतो.

तर वहिनींना मी काय सांगितलं?

पहिली गोष्ट, ते तीस हजार भरायचे नाहीत. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. नावनोंदणी, कार्ड, डिपॉझिट, कुठल्याही नावानं आधी पैसे मागितले की समजायचं, त्याचा धंदा मालिकेचा नाही, आपल्या पोरींच्या स्वप्नांचा आहे. ऑडिशनला चार साधे, चांगल्या उजेडात काढलेले फोटो आणि स्वतःची ओळख करून देणारा छोटा व्हिडिओ पुरतो. निर्मिती संस्थेचं नाव घेऊन कुणी बोलावलं, तर त्या संस्थेच्या ऑफिसात स्वतः फोन करून खात्री करायची. पहिल्या दोन-तीन वेळा घरातलं कुणीतरी बरोबर जायचं, त्यात लाजायचं काही नाही.

दुसरी गोष्ट, काम मिळालंच तर तोंडी काही नको. रोजाचे पैसे किती, कधी मिळणार, प्रवासाचं काय, रात्री उशीर झाला तर घरी कोण सोडणार, हे कागदावर घ्यायचं. कलाकारांची 'सिंटा' ही संघटना १९५८ पासून आहे, तिची माहिती आधीच करून ठेवायची. आणि २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा रोजंदारीवरच्या आणि कंत्राटी बाईलाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती हवीच, नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते, हेही लक्षात ठेवायचं.

तिसरी गोष्ट, शेवटच्या वर्षाची परीक्षा. ती द्यायचीच. "पण संधी गेली तर?" असं मुलीनं विचारलंच. ती आईच्या मागे दारात उभी राहून ऐकत होती, हे मला तेव्हा कळलं. मी तिला एवढंच म्हटलं, "बाळा, जी संधी सहा महिने थांबत नाही, ती मिळाल्यावर सहा महिने टिकेल का? पनवेलच्या अदितीनं मुकुट मिळाल्यावरही परीक्षा दिली होती."

ती काही लगेच पटून हसली वगैरे नाही. तोंड फुगवूनच गेली. तिच्याही बाजूनं विचार केला तर तिचं चुकतं असं नाही. वीस वर्षांच्या मुलीला सहा महिने म्हणजे जन्म वाटतो. शिवाय सगळ्यांच्याच घरी अदितीसारखं बळ नसतं. पनवेल मुंबईला लागून, शिक्षण चांगलं, आणि पहिल्याच मोठ्या स्पर्धेत यश. हे सगळं एकत्र आलं, हेही मान्य करायला हवं. तिच्या वाटेनं गेलं की तिथंच पोचू, असं कुणी सांगू शकत नाही.

मागच्या आठवड्यात वहिनी स्टेशनवर भेटल्या, बदलापूरला बहिणीकडे निघाल्या होत्या. गर्दीतच म्हणाल्या, "पैसे नाही भरले. नाही म्हटल्यावर त्या माणसाचा फोनच बंद झाला." मग गाडी आली. लेडीज डब्यात चढता चढता वळून म्हणाल्या, "रविवारी एका नाटकाच्या ग्रुपमध्ये जाते ती हल्ली, कर्जतातच. प्रॅक्टिकलची जर्नल पण लिहितेय. बघू या."

त्यांच्यासारखंच मीही म्हणते, बघू या. मैत्रिणींनो, तुमच्या घरात अशी एखादी मुलगी असेल तर तिला लगेच रागावू नका आणि लगेच पैसेही काढून देऊ नका. आधी तिच्याशेजारी बसून हिशोब मांडा. नव्वद दिवसांचा, खोलीच्या भाड्याचा, शेवटच्या लोकलचा. आणि तिला 'नाही' म्हणायची वेळ आली तर ती कशाच्या बळावर म्हणेल, तेही एकदा विचारा.