विश्लेषण : तोच कंटेनर रोज नव्याने कशाला भरायचा?

सॉफ्टवेअर तयार होण्याचा वेळ वाचवणारे ‘कॅशिंग’ नेमके काय असते? मोठे मशीन घेण्याआधी कंपन्यांनी ते का वापरावे?

पनवेल-उरण रस्त्यावर जासईला थोडा वेळ उभे राहिले, तर जेएनपीए बंदराकडे जाणारे आणि तिकडून येणारे ट्रेलर मोजता मोजता पुरेवाट होते. त्यांवरचा कंटेनर एकदा भरून सील झाला की ट्रकवरून रेल्वेवर, तिथून जहाजावर चढवला तरी वाटेत माल उपसावा लागत नाही. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन यांचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेतील नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले. मालवाहतूक पुढे स्वस्त झाली, ती मुख्यतः पुन्हा पुन्हा भरण्या-उपसण्याचा हा खटाटोप संपल्यामुळे.

‘डॉकर’ २०१३ मध्ये आले आणि बंदरावरचा हा शब्द सॉफ्टवेअरमध्ये रुळला. डॉकरच्या बोधचिन्हातला देवमासासुद्धा पाठीवर कंटेनरच वाहतो. अ‍ॅप आणि त्याला लागणारे सगळे सामान एका ‘इमेज’मध्ये बांधायचे आणि ती कुठल्याही सर्व्हरवर चालवायची, अशी ही सोय. गंमत अशी की अनेक कंपन्यांत हीच इमेज प्रत्येक छोट्या बदलानंतर शून्यातून भरली जाते.

वेळ जातो कुठे?

प्रोग्रामरने कोड पाठवला की ‘सीआय’ ही स्वयंचलित यंत्रणा जागी होते, चाचण्या घेते आणि नवी इमेज बनवते. समजा, एका इमेजला १२ मिनिटे लागतात आणि टीम दिवसाला ४० वेळा कोड पाठवते. म्हणजे ४८० मिनिटे, पूर्ण आठ तास. गिटहबच्या मोफत योजनेत खासगी प्रकल्पांना महिन्याला २,००० मिनिटे मिळतात. या वेगाने ती पाचव्या दिवशीच संपतील. हेच काम ३ मिनिटांत झाले, तर तोच कोटा सोळा दिवस पुरेल. नवी मुंबईत किंवा पुण्यात दहा जणांची टीम चालवणाऱ्याला हा फरक थेट बिलात दिसतो. पैशांपेक्षाही मोठे नुकसान म्हणजे बिल्ड संपण्याची वाट पाहताना माणसाची मोडणारी तंद्री.

थरांचा हिशेब

इमेज थरांनी बनते. ‘डॉकरफाइल’मधला फाइल आणणारा किंवा आदेश चालवणारा प्रत्येक टप्पा एक थर तयार करतो. काही बदलले नसेल, तर डॉकर जुना थर जसाच्या तसा वापरतो. यालाच कॅशिंग म्हणतात. (उच्चार ‘कॅश’, रोकडीशी संबंध नसला तरी रोकड वाचते.) नियम मात्र कडक आहे : एक थर बदलला की त्याच्या पुढचे सगळे थर नव्याने बनतात.

सर्वाधिक चुका इथेच होतात. अनेक डॉकरफाइलमध्ये आधी प्रकल्पाचा सगळा कोड कॉपी होतो आणि मग लायब्ररी उतरवल्या जातात. मग एखाद्या बटणाचा रंग बदलला तरी शेकडो लायब्ररी पुन्हा डाउनलोड होतात. क्रम उलटा हवा. आधी फक्त लायब्ररींची यादी, म्हणजे ‘पॅकेज डॉट जेसन’ आणि लॉक फाइल, किंवा ‘रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी’, कॉपी करायची. मग लायब्ररी बसवायच्या आणि रोज बदलणारा कोड शेवटी आणायचा. दोन-तीन ओळी वर-खाली करण्याचे हे काम. तेवढे न करता दुप्पट ताकदीचे मशीन भाड्याने घेणे म्हणजे गळकी टाकी तशीच ठेवून मोठा पंप बसवणे.

सीआयमध्ये आणखी एक अडचण असते. स्वतःच्या लॅपटॉपवर जुने थर डिस्कवर राहतात. गिटहबसारख्या सेवेत मात्र प्रत्येक कामाला कोरे मशीन मिळते आणि काम संपताच ते नष्ट होते. त्यामुळे थर बाहेर कुठेतरी साठवावे लागतात. डॉकरचे ‘बिल्डकिट’ हे काम करते. ते थर इमेज रजिस्ट्रीत किंवा गिटहबच्या कॅशेत ठेवते आणि पुढच्या वेळी परत आणते. ‘मिन’ पद्धतीत फक्त अंतिम इमेजचे थर साठतात, तर ‘मॅक्स’मध्ये मधल्या टप्प्यांचेही. मॅक्स ऐकायला बरे वाटते, पण मोठी कॅशे चढवण्या-उतरवण्यातच बिल्डपेक्षा जास्त वेळ जाऊ शकतो. दोन्ही मोजून पाहावे.

मग धोका काय?

जासई परिसराला ‘डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी’ नवी नाही. पात्र आयातदारांचा माल फ्रेट स्टेशनवर न थांबता थेट बंदरातून बाहेर पडतो. तरीही जोखीम वाटली, तर कस्टम्स कंटेनर उघडते. कॅशेलाही अशी तपासणी लागते, आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी विसरली जाते.

कारण ‘रन’ या आदेशाबाबत डॉकर मुख्यतः आदेशाचा मजकूर पाहतो. ‘सिस्टीम अपडेट करा’ ही ओळ आणि तिच्या आधीचे थर तसेच असतील, तर महिन्यापूर्वीचा थर बिनदिक्कत वापरला जातो. मधल्या काळात सुरक्षा दुरुस्ती आली असली, तरी ती इमेजमध्ये येत नाही आणि बिल्ड हिरवेच दिसते. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’मधील त्रुटी उघड झाली, तेव्हा आपल्या कुठल्या इमेजमध्ये ही लायब्ररी आहे, हे शोधण्यात जगभरच्या टीमच्या रात्री गेल्या. पासवर्डचेही तसेच. एका थरात टाकलेली गुप्त किल्ली पुढच्या थरात पुसली, तरी आधीच्या थरात ती शिल्लक राहते. तो थर रजिस्ट्रीत गेला की इमेज उतरवणाऱ्या कोणालाही ती काढता येते. त्यासाठी बिल्डकिटची स्वतंत्र ‘सिक्रेट’ सोय आहे.

म्हणून कॅशे लावणाऱ्या टीमने त्याच दिवशी दुसरेही एक काम नेमून टाकावे : आठवड्यातून एका रात्री कॅशे पूर्ण बंद ठेवून, मूळ इमेज नव्याने उतरवून होणारे बिल्ड. त्याला १२ मिनिटे लागली तरी चालतील. तेव्हा कोणी वाट पाहत नसते.