विशेष शिक्षक केंद्राला एक. बाकी दिवस लेकराचं काय?

अमरावती/अकोला : दिव्यांग लेकरांसाठी विशेष शिक्षक द्या, ही मागणी जुनी. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्र सरकारला प्रमाण ठरवायला सांगितलं. पुढे सरकारनं ते ठरवलंही. प्राथमिकला १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक, वरच्या वर्गांना १५ मागे एक. राज्यानं २०२४ मध्ये केंद्राला एक याप्रमाणे ४८६० पदं मंजूर केली. चांगलं झालं. पण एका केंद्रात कितीतरी शाळा येतात. विशेष शिक्षक आपल्या गावात अधूनमधूनच येणार. बाकी दिवस लेकरू वर्गशिक्षकाच्याच हाती.

म्हणून खरा प्रश्न डी.एल.एड.चा आहे. उद्याचे गुरुजी तिथंच घडतात. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. ते पाठ करून पेपर सुटतो, वर्गातलं लेकरू समजत नाही.

यावर एक पद्धत आहे. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ पासून डॉक्टर असे शिकवले जाऊ लागले : आधी रोग्याची अडचण समोर, मग पुस्तक. शिक्षकांनाही असंच शिकवता येते.

समजा, चौथीतली पोरगी. हाक मारली तर पाहत नाही, शुद्धलेखनात अर्धे शब्द सोडते, कापूस वेचणीच्या दिवसात शाळेत येत नाही. सगळे म्हणतात, डोकं चालत नाही. हा प्रश्न पाच-सहा भावी शिक्षकांच्या गटाला द्यायचा. माहीत काय, शोधायचं काय, विचारायचं कोणाला, हे त्यांनीच ठरवायचं. आईशी बोलायचं, कान तपासायची सोय शोधायची, पोरीला पुढे बसवून महिन्यानं फरक पाहायचा. कदाचित निघेल की डोकं ठीक आहे, ऐकूच कमी येते. बोंडअळीही बोंड फोडल्यावरच दिसते.

पण जाणकार सोबत नसला तर गटात नुसत्या गप्पा होतात. म्हणून विशेष शिक्षकानं महिन्यातून एक दिवस अध्यापक विद्यालयात यावं. अमरावती, अकोला दोन्हीकडे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांनी हे जुळवून आणावं. परतवाड्याजवळ वझ्झरला पद्मश्री शंकरबाबा पापळकरांनी अनाथ दिव्यांग लेकरं वाढवली. पाहून शिकायला दूर जायची गरज नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात. पुढच्या सभेत एवढंच विचारा : विशेष शिक्षक येत नाही त्या दिवशी आमच्या लेकराला कोण, कसं शिकवते?