नरक्या : दुर्गंधी झाडातले मोलाचे औषध

घरात कोणाला कर्करोग झाल्याचे कळले की, सल्ला देणाऱ्यांची रीघ लागते. कोणी एखादी मुळी आणून देतो, कोणी रानातल्या सालीचा काढा सुचवतो. 'झाडपाल्याचे औषध, त्याने अपाय थोडाच होणार?' असे वर ऐकवतो. हे म्हणणे कितपत खरे, ते आपल्याच सह्याद्रीतल्या एका झाडाच्या उदाहरणावरून पाहू.

महाबळेश्वर, राधानगरी, आंबोली या भागांतल्या रानात नरक्या नावाचे एक लहानसे सदाहरित झाड आढळते. फुलांना घाण वास येतो, म्हणून हे नाव. वनस्पतिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत ते मॅपिया फिटिडा या नावाने सापडते; फिटिडा म्हणजेही दुर्गंधी. पण याच झाडाच्या लाकडात आणि मुळांत कॅम्पटोथेसिन नावाचे अत्यंत मोलाचे द्रव्य असते.

या द्रव्याचा शोध प्रथम एका चिनी झाडात लागला, आणि तो लावणाऱ्यांपैकी एक आपल्या नंदुरबारचे होते. 1925 साली तेथे जन्मलेले डॉ. मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात शिकून पुढे अमेरिकेत गेले. डॉ. मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी त्या झाडाच्या अर्काचे एकेक घटक वेगळे केले. प्रत्येक भागाची कर्करोगावर चाचणी घ्यायची, गुण देणारा भाग ठेवायचा, बाकीचा बाजूला सारायचा, असे करत 1966 साली शुद्ध कॅम्पटोथेसिन हाती आले. 1972 मध्ये डॉ. टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी विश्वनाथन यांनी तेच द्रव्य नरक्यातही असल्याचे दाखवून दिले.

हे द्रव्य काम कसे करते? पेशीचे विभाजन होताना तिच्यातल्या डीएनएचा पीळ उकलावा लागतो. त्यासाठी एक विकर धागा जरासा तोडते, पीळ सैल करते आणि धागा पुन्हा सांधते. कॅम्पटोथेसिन नेमके हे सांधणे अडवते. धागा तुटलेलाच राहतो आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून त्यांना याचा तडाखा अधिक बसतो.

पण आपल्या शरीरात भराभर वाढणाऱ्या निरोगी पेशीही असतात. अस्थिमज्जेत रक्त तयार करणाऱ्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यांपैकीच. 1970 च्या सुमारास हे द्रव्य रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा रक्तातल्या पेशी घटल्या, मूत्राशयातून रक्तस्राव झाला आणि त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे शास्त्रज्ञांनी त्याच्या रचनेत बदल केले. त्यातून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे तयार झाली. 1996 साली अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली; पहिले अंडाशयाच्या आणि दुसरे मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी. आजही ती देताना डॉक्टर वरचेवर रक्त तपासतात आणि मात्रा काटेकोरपणे ठरवतात.

मग लाकूड उकळून प्यायले तर? शंभर किलो वाळलेल्या लाकडात हे द्रव्य साधारणपणे शंभर ते तीनशे ग्रॅम असते आणि तेही झाडागणिक, ऋतूगणिक बदलते. शिवाय ते पाण्यात नीट विरघळत नाही. काढ्यात किती उतरले, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. गुण येण्याइतके उतरले नाही तर उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात. जास्त उतरले तर जिवावर बेतू शकते. झाडात औषध असणे वेगळे आणि झाड हेच औषध असणे वेगळे.

या झाडाला स्वतःलाही धोका आहे. मागणी वाढल्याने सह्याद्रीत नरक्याची बेसुमार तोड झाली. त्याच्या लाकडाची तस्करी वनखात्याने वेळोवेळी पकडली आहे. मुळासकट उपटलेले झाड पुन्हा फुटत नाही. म्हणून रीतसर लागवड करणे हाच शहाणपणाचा मार्ग.

तेव्हा घरात कोणावर कर्करोगाचे उपचार चालू असतील आणि कोणी झाडपाला आणून दिला, तर देणाऱ्याचे मन दुखवू नका. पण ती पुडी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय रुग्णाला देऊ नका. आणि डॉक्टरांनी चालू केलेले उपचार तिच्या भरवशावर एक दिवसही थांबवू नका.