आठवणी लिहायला वर्ग कशाला?

‘‘डॉक्टर, पंचाहत्तराव्या वर्षी आत्मकथन-लेखनाचा वर्ग लावलाय. मुलगा हसतो मला,’’ रक्तदाब तपासायला आलेल्या एक आजी सांगत होत्या. घरी वही-पेन असताना फी कशाला भरायची, हा मुलाचा सवाल. तो रास्त आहे. पण माझं मत आजींच्या बाजूनं आहे.

म्हातारा माणूस जुन्यात रमला की त्याचं डोकं थकलं, असं पूर्वी समजलं जाई. १९६३ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी वेगळा विचार मांडला. उतारवयात आयुष्याचा जमाखर्च पुन्हा तपासणं स्वाभाविकच आहे, असं ते म्हणाले. मात्र त्यातून कुणाला समाधान मिळतं, तर कुणी अपराधीपणाकडे आणि नैराश्याकडे झुकतं, हेही त्यांनी नोंदवलं.

वर्गाची गरज इथेच आहे. एकट्यानं आठवत बसलं की मन त्याच सलाभोवती घुटमळतं. लिहिताना आधी काय घडलं, नंतर काय आणि का, हे ठरवावं लागतं. वार्धक्यशास्त्रज्ञ जेम्स बिरेन यांच्या पद्धतीत कुटुंब, पैसा, काम, आरोग्य असे विषय ठरलेले असतात. प्रत्येकावर दोन पानं लिहायची आणि छोट्या गटात वाचून दाखवायची. घरी ‘‘हे दहादा सांगून झालंय’’ असं ऐकणाऱ्याला तिथे मन लावून ऐकणारे भेटतात.

मात्र हे औषध नव्हे. लिहिल्यानं स्मृतिभ्रंश टळतो, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर यांच्या प्रयोगात, मनावरच्या आघातांबद्दल चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. पण लिहून झाल्यावर लगेच त्यांना अधिक उदासही वाटलं होतं. नंतरच्या अभ्यासांत असा फायदा दर वेळी दिसला नाही. म्हणून जखम ताजी असेल, झोप उडाली असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. वर्गातही एखादी आठवण न वाचण्याची मुभा हवी.

शुद्धलेखनाची भीती मात्र सोडा. शाळेचं रीतसर शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये आला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

हात थरथरत असेल तर नातवंडांना सांगून लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिक संघांनी योगासनं आणि सहलींबरोबर आठवड्यातून एक तास या लेखनाला द्यावा. त्याला खर्च फारसा नाही. आठ-दहा खुर्च्या आणि ऐकून घेणारी माणसं पुरेत.

आजींनी ‘पैसा’ या विषयावर पहिल्या पगाराची गोष्ट लिहिली. तो पगार त्यांनी न मोजता सासऱ्यांच्या हाती दिला होता. ‘‘त्याचं वाईट वाटलं होतं, हे पन्नास वर्षांत कुणाला बोलले नव्हते,’’ त्या म्हणाल्या. त्यांचा रक्तदाब होता तेवढाच होता. गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या, आणि वर्गही.