कुलाब्याचे खासदार, देशाचे अर्थमंत्री

विशेष प्रतिनिधी, अलिबाग

अर्थतज्ज्ञ राजकारणात आला तर त्याची बांधिलकी कोणाशी असावी? त्याला नेमणाऱ्या पंतप्रधानांशी, की निवडून देणाऱ्या मतदारांशी? चिंतामणराव देशमुख यांच्यापुढे १९५६ मध्ये हा प्रश्न उभा राहिला आणि त्यांनी त्याचे उत्तर राजीनाम्याने दिले.

रायगड किल्ल्याजवळील नाते येथे १४ जानेवारी १८९६ रोजी जन्मलेले देशमुख रोह्यात वाढले. केंब्रिजला शिकून ते आयसीएस झाले. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होण्याचा मान त्यांना मिळाला. १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेत ते भारतीय शिष्टमंडळात होते. रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण १९४९ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत झाले. १९५० मध्ये नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केले, तेव्हा त्यांच्यामागे ना पक्षकार्य होते, ना कार्यकर्त्यांची फळी.

१९५२ मध्ये मात्र ते काँग्रेसतर्फे कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. हा फरक महत्त्वाचा आहे. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरपद भूषवून पुढे अर्थमंत्री झालेले दुसरे नेते डॉ. मनमोहन सिंग. ते १९९९ मध्ये दक्षिण दिल्लीतून लोकसभेसाठी पराभूत झाले आणि त्यांची संसदीय कारकीर्द राज्यसभेतच घडली. देशमुखांच्या मागे मतदारसंघ होता.

जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला. शहरात आंदोलन पेटले, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मारली गेली. मुंबईशी रोजगाराने बांधलेल्या कोकणाच्या प्रतिनिधीला गप्प राहणे शक्य नव्हते. जुलैमध्ये लोकसभेत निवेदन करून देशमुख मंत्रिमंडळाबाहेर पडले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याला त्यांचा विरोध होताच. पण गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली आणि एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाला डावलून झाला, हे त्यांचे आक्षेपही तितकेच गंभीर होते. नेहरूंनी ते अमान्य केले.

याची किंमत त्यांनी मोजली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी सांभाळले. मंत्रिपद पुन्हा आले नाही. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष व जनसंघाच्या पाठिंब्यावर ते उभे राहिले आणि गिरी व रेड्डी यांच्यामागे तिसरे आले. जनतेचे नेते म्हणून ते कधी घडले नाहीत, ही टीका अगदीच निराधार नाही.

तरीही १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, त्यामागच्या लढ्याला या राजीनाम्याने दिल्लीत नैतिक वजन दिले. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. २००९ पासून लोकसभेचा कुलाबा मतदारसंघही उरलेला नाही. खासदाराने मंत्रिपदापेक्षा मतदारांना मोठे मानावे, ही अपेक्षा मात्र आजही शिल्लक आहे; आणि येथील मतदाराला ती करण्याचा अधिकार देशमुखांनीच देऊन ठेवला आहे.