नाकावरचा पांढरा पट्टा

आपल्या किट लिस्टमध्ये बूट पॉलिश आहे, ब्रासो आहे, सुई-दोरा आहे. सनस्क्रीन नाही. ते असावे, आणि झिंक ऑक्साइडचेच असावे, असे माझे मत आहे. हे वाचून हाउसमध्ये कोण कोण हसणार, तेही मला ठाऊक आहे.

झिंक म्हणजे जस्त. त्याची ही पांढरी पूड आपल्याला नवी नाही. एमआय रूममधल्या कॅलामाइन लोशनमध्ये तीच असते. किंचित आयर्न ऑक्साइड मिसळल्यामुळे ते गुलाबी दिसते. (म्हणून कॅलामाइनच सनस्क्रीन समजून थापू नका, ते खाजेसाठी आहे.) ही पूड आरशासारखी ऊन परतवते, असे बरेच जण सांगतात. परतवते ती थोडेच. बहुतेक अतिनील किरण ती शोषून घेते. कातडी भाजणारे यूव्हीबी आणि खोल जाणारे यूव्हीए, दोन्ही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ च्या प्रस्तावात १६ घटक तपासले आणि दोनच निःशंकपणे सुरक्षित व गुणकारी मानले: झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड.

पण माझे खरे कारण ड्रिल स्क्वेअरवरचे आहे. काही सनस्क्रीन घामाबरोबर डोळ्यांत उतरतात आणि झोंबतात. सावधानमध्ये उभ्या असलेल्या कॅडेटला डोळा चोळता येतो का? झिंक सहसा झोंबत नाही. शिवाय आपल्या बेरेला पुढे छज्जा नाही. नाक, कान आणि मानेची मागची बाजू उघडीच राहते. परेडच्या सरावाच्या आठवड्यात ज्युनियर मुलांच्या माना एकदा बघा. रात्री कॉलर लागली तरी कळवळतात, पण ट्यूब मात्र लॉकरच्या तळाशी मोज्यांत लपवलेली असते. कोणी ‘मेकअप’ म्हणेल ही भीती.

ॲलन डोनाल्ड तोंडाला पांढरे फासून गोलंदाजी करायचा. त्याला फलंदाज मेकअपवाला म्हणत असतील असे वाटत नाही.

‘सैनिकाने ऊन सोसावे’ हे सिनियरांचे म्हणणे मी निम्मे मानतो. उष्णतेची सवय शरीराला होते, ती व्हायलाच हवी. अतिनील किरणांचे तसे नाही. रापलेली कातडी संरक्षण देते ते अगदी थोडे. आणि हे किरण उष्णतेसारखे जाणवतही नाहीत. दर हजार मीटर उंचीला ते साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. म्हणजे आपल्यातले जे पुढे बर्फात तैनात होतील, ते गारठलेले असतानाच भाजतील.

गोरे होण्याशी याचा काही संबंध नाही. जाहिरातींनी ती दोन्ही एकत्र कालवली आहेत.

अडचणी आहेत. कॉलरला पांढरा डाग पडतो आणि इन्स्पेक्शनला तो नेमका दिसतो. चेहरा भुताटकीसारखा होतो, सावळ्या मुलांचा जास्तच. म्हणून मुले ठिपक्याएवढे लावतात आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणतात. बाटलीवरचा एसपीएफ दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. तर्जनी आणि मधले बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीची रेघ काढली की चेहरा आणि मान होते. कानांना थोडे वेगळे. घाम पुसल्यावर आणि दर दोन तासांनी पुन्हा. त्यासाठी दुसऱ्या पिरियडच्या फॉल-इनआधी पाच मिनिटे मिळावीत, एवढी विनंती मी हाउस मीटिंगमध्ये मांडणार आहे.